पुस्तक मिटून बसनारी सून

नाही, नाही, कामिनीले हाक नोका मारू इवाई — बसा इथंच ओसरीवर. पोरगी तुमची हाय, कबूल, पन सून माझी हाय ना? अन् बपेऱ्याहून साकोलीले एकदम येऊन उभे राहिले तुमी, ना फोन ना निरोप — कायले आले ते सांगाल आरामानं, पहिले माझं आयका. मीच म्हनलं होतं ना तुमाले फोनवर, तुमची पोरगी काहीतरी लपवून राहिली म्हनून?

मंग काय म्हनू जी? नर्सिंगचा अभ्यास करतो म्हनते अन् धडा उघडते तो शेवटून — पहिले खालचे प्रश्न वाचते! मी म्हनलं, पेपर फुटला का काय इचा? मंग पानं चाळते, मोठ्या अक्षरातलं तेवढं पाहते, चित्रं पाहते, अन् तवा कुठं वाचाले बसते. वाचून झालं का पुस्तक मिटते अन् भिंतीकडे पाहत राहते. पुस्तक बंद करून कोनी अभ्यास करते का? माझा कुलदीप — तुमचा जावई — दहावीले होता तं त्यानं रंगाच्या पेनानं अख्खं पुस्तक पिवळं केलं होतं, हळदीत बुडवल्यावानी. त्याले म्हनतात अभ्यास. पास? — नाही, पास नाही झाला, ती वेगळी गोष्ट हाय.

अन् ही बोलते बी! दुपारी दार ओढून घेते, अन् आतून आवाज — 'असं काहून होते?' मंग थांबते. मंग, 'म्हनून होते.' एकानं विचाराचं, दुसऱ्यानं सांगाचं, तसं. धस्सच झालं जी मले. कुलदीप कामावर, घरात आमी दोघीच, मंग हा दुसरा कोन? दाराले कान लावला, तं आतून हसन्याचा आवाज आला. लोटलंच मी दार — अन् पाहतो तं एकटीच! मोबाईल बी सैपाकघरात पडला होता. सोताच विचारते, सोताच सांगते.

म्हने, 'आई, मागच्या साली पानंच्या पानं घोकली मी, अन् पेपरात पहिला शब्द नाही आठवला तं पुढचं सारंच गेलं. आता पुस्तक मिटून पाहतो, डोक्यात काय राहिलं. नाही राहिलं तेवढंच पुन्हा वाचतो.' लिहिते बी कशी, तं बाजूले पट्टाभर जागा मोकळी! तिथं म्हने प्रश्न लिहितो, अन् उत्तर झाकून सोतालेच विचारतो. मले वाटलं, गोड बोलून राहिली. 'वाच मंग, काय लिहिलं तं,' म्हनलं. तं वाचते — 'किडनी म्हनजे सूप. रक्त पाखडते, कामाचं ठेवते, घान बाहेर टाकते.' सूप! मी अंगनात धान पाखडून राहिली अन् ही आत माझी टिंगल लिहून राहिली! पुस्तकात असं नाही म्हने, पन आपल्या शब्दात लिहिलं तंच समजलं का नाही ते कळते. मी नाही मानलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली, पकडाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी.

आता तं उत्तर मीच झाकतो हातानं, अन् विचारतो. वाचता येते जी मले, चौथी शिकली हाय मी. ती अडकली का मले बी आठवत नाही, मंग दोघी मिळून पाहतो. काल पोटातल्या बाळाले खानं कसं पोचते, तिथंच राहिलं — झोपच नाही आली... हसता काहून? नजर ठेवाले बसतो मी. नजर ठेवाले!

बरं, तुमचं सांगा. — हं? निकेशचं, तुमच्या पुतन्याचं लग्न? अन् आजच नेतो म्हनता?

इवाई, सोमवारी पेपर हाय तिचा. माहीत होतं तुमाले, मीच सांगितलं फोनवर. थांबा — मागच्या साली बी पेपराच्या तोंडावरच आले होते ना तुमी? पाहुने येनार हायेत म्हनून नेली, अन् पेपराच्या सकाळी आनून सोडली, हातावर गरम तेल उडाल्याचे चट्टे घेऊन. अन् मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली, सून ढ हाय म्हनून! लग्नाले पोरगी पाहिजे तुमाले, का रांधनारी? खाली काहून पाहता? या वक्ती नापास झाली तं कुलदीप तिचं शिकनं बंद करतो म्हनते. आठवलं होतं का हे, बस धरताना?

नाही, ती नाही येत. तिनं हो म्हनलं तरी नाही येत. सैपाकाले मी येतो, सांगा घरी — कितीबी मानसं राहू द्या, रांधतो मी.

— कामिनी, तू नोको उठू व! वाच.

चहा झाला ना? मंग निघा जी. तुमसरची बस सापडन अजून.