उजवा खुबा, डावा हात

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, यंदाच्या शिमग्यातलं सांगितलं नाही ना तुम्हाला? गावच्या पालखीपुढे देवीचं निशाण धरायचा मान आमच्या घराचा, आणि ते धरायचं उजव्याच हातात. पण अण्णांचा उजवा खुबा झिजलेला, म्हणून उजव्या हातात काठी. महिनाभर आधीच त्यांचे चुलतभाऊ वसंतकाका ओटीवर येऊन बसले.

"अण्णा, काठी तरी धरशील नाहीतर निशाण तरी. यंदा मीच धरतो."

अण्णा त्या दिवशी जेवलेच नाहीत. मी त्यांना रत्नागिरीला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. त्यांना चालताना बघून बाई म्हणाल्या, "दुखतं उजवीकडे ना? मग काठी डाव्या हातात धरा. खुब्यावरचा भार कमी होतो."

"काहीतरीच उलटं!" अण्णा वैतागले. तरी काठी बदलून दारापर्यंत जाऊन आले. कळ खरंच कमी आली. मग मोकळ्या झालेल्या उजव्या हाताकडे बघतच राहिले.

बाई म्हणाल्या, "व्यायामही रोज करायचे हं."

"सांगाल तेवढे करतो!"

शिमग्याला डाव्या हातात काठी, उजव्या हातात निशाण घेऊन अण्णा पालखीपुढे चालले. वसंतकाकांसमोर मुद्दाम थांबले.

"मेल्या वसंता, दोन हात आहेत मला!"