सोमदंड जेवतोय

...आवं, मारायचाच हुता तर चार पुस्तकं त्याला एवढा लाडका कशाला केला? सांगा की! माणसाला लळा लावायचा, आन पाचव्या पुस्तकात, ऐन मध्यावर, काय बी न सांगता-सवरता द्यायचा पाण्यात ढकलून! लिहिणाऱ्याचं काय जातंय हो? त्यो लिहून मोकळा. हिकडं आमच्या शेजारच्या आकारामतात्यांचं काय झालं, ते इचारा!

तात्या म्हंजी फौजेतनं सुभेदार हून आल्यालं माणूस. हिकडं औंधाच्या बाजूला ऊस हाय, आन नजर अशी की कुत्रं बी वाट सोडतंय. जन्मात गोष्टीचं पुस्तक हातात धरलं न्हाई. पण तुमाला सांगतो, रंगुबाईचं, म्हंजी त्यांच्या बायकोचं, सांगलीला मोतीबिंदूचं आपरेशन झालं. डॉक्टर म्हणला, डोळ्याला ताण नको. तवा तिथंच सांगलीत, विश्रामबागेत शिकणारी त्यांची लेक अंकिता, तिनं जाताना पाच पुस्तकं ठेवली. एकेक इटंएवढं जाड! 'सातव्या दरीचं राज्य'! "तात्या, आईला रोज वाचून दाखवा."

तात्या पयल्यांदा कवायतीवानी वाचायचं. "राणी नीलांबरी... उठली! राक्षस... आला!" रंगुबाई म्हणायची, "आवं, वराडताय कशाला? त्यो राक्षस काय शेजारी हाय व्हय?"

...आन मग सोमदंड आला!

सोमदंड म्हंजी दरीच्या धरणावरला म्हातारा पहारेकरी. एक कान तुटल्याला. राक्षस चालून आलं तरी समोरच्याला पयला सवाल ह्योच, "जेवला का?" त्ये आयकलं आन रंगुबाई फिस्सकन हसली. म्हणली, "आवं, ह्यो तर आमचा दादा!"

तिचा भाऊ कोंडीबा, म्हसवडचा. त्यो बी फौजेतलाच. औंदा पोळ्याच्या आधी अचानक गेला. दारात पाय ठिवायच्या आधी "जेवलीस का?" इचारणारा माणूस. तवापासनं रंगुबाई हसली नव्हती, तुमाला सांगतो, ती सोमदंडापाई हसली. मग काय! दोन वेळचं वाचन चार वेळंवर गेलं. उसाचं पाणी पाटातनं रस्त्यावर आलं तरी तात्या दरीत!

आन एक दिवस दुपारचं तात्या वाचत्यात... राक्षसांची फौज दरीत घुसली, सोमदंडानं धरणाचा दरवाजा उघडला, लोंढा सुटला, राक्षस बुडालं, आन... आन सोमदंड बी...

तात्यांचा आवाजच गेला! कारगिलला गोळ्या चालल्या तवा बोलत हुता ह्यो माणूस!

"पुढं?" रंगुबाई.

"पुढं... वाचला."

"कोण?"

"सोमदंड. झाडाला धरून वाचला."

लिहिणाऱ्याचं काय जातंय हो? त्यानं एका ओळीत मारला. पण ज्या बाईनं दादाला एकदा पोचवलंय, तिला तोच दादा परत कसा पोचवाया लावायचा? ...पण मारायला एक ओळ लागती, जगवायला सारं पुस्तक लागतंय, हे तात्यांना ठावं नव्हतं! पुढच्याच पानावर राणी नीलांबरीनं केस मोकळं सोडल्यालं, राज्यात तीन दिवस चूल पेटली न्हाई, बायका ऊर बडवत्यात...

"आवं, एवढं कोण मेलं?"

तात्यांनी घाईनं पान उलटलं. "घोडं."

"घोड्यापाई एवढं?"

"...पांढरं हुतं."

"आन सोमदंड कुठं हाय?"

"हाय की. त्यो... त्यो जेवतोय."

"चूल पेटली न्हाई म्हणताय, मग जेवतोय काय?"

"शिळं!"

झालं! तवापासनं पानापानाला रंगुबाई इचारायची, सोमदंड काय करतोय? आन तात्या म्हणायचं, जेवतोय. राजवाडा जळतोय, सोमदंड जेवतोय! राजपुत्राचं लगीन लागतंय, सोमदंड पयल्या पंगतीला! रंगुबाई आपली खूश. "खाऊ दे बिचाऱ्याला. दादाला बी भूक लय." आन तात्या? तात्या परड्यात जाऊन म्हशीकडं तोंड करून डोळं पुसायचं. घरात एकजण सुतकात, एकजण पंगतीत! बोलायचं कुणापाशी?

असं करत करत शेवटचं पान आलं. वादळी पाऊस, राणी धरणाच्या दारात दिवा घिऊन उभी. दार करकरलं... आन दारात उभा, चिखलानं माखल्याला, एका कानाचा...

सोमदंड! जित्ता! राणीच्या हातातला दिवा पडला, राजपुत्र मटकन खाली बसला, सगळी रडाय लागली. आन त्यो पयलं काय म्हणला? "जेवला का?"

तुमाला सांगतो, तात्या हमसून हमसून रडलं! पुस्तक छातीशी धरून! एवढा आनंद लेक झाली तवा बी झाला नसंल. आन रडत रडत वळून बायकोकडं बघत्यात तर... रंगुबाई ढिम्म!

"मग? त्यात काय झालं?"

"आगं... सोमदंड आला!"

"आला म्हंजी? गेला कवा हुता? आत्ता तर लग्नात जेवत हुता की! हात धुवाया गेल्याला माणूस परत आला, तर सगळी रडत्यात कशाला?"

तात्यांनी तोंड उघडलं. म्हणायचं हुतं, आगं, त्यो मेला हुता! मेल्याला माणूस दारात आलाय, येडे, तुझ्या दादासारखा! ...पण जिता झाल्याचं सांगायचं तर आधी मेल्याचं सांगाया पायजे. त्ये काय जमलं न्हाई. लिहिणाऱ्याचं काय जातंय हो...

रंगुबाईनं पदर झटकला. म्हणली, "अंकिताला सांगा, सहावं पुस्तक आणू नको. ह्या लिहिणाऱ्याला काय कळत न्हाई. त्यापरास टीव्हीवरची मालिका बरी. तिथं मेल्याला माणूस परत येतो, तवा निदान आधी मेल्याला तरी असतो!"

आन आमचं सुभेदार?

म्हणलं, "व्हय."