धूर दिसला पाहिजे

पार्वतावहिनी, टोलीतल्या मायबहिणींनो, रामाकोन्याहून अन् मोहगावाहून आलेल्या मंडळींनो,

तुम्ही सगळे या विहाराच्या अंगणात बसले आहात अन् मला उभं केलं आहे. बाबारावला बोलता येत नाही, असं आजवर कोणी म्हटलं नाही. सौसरच्या बाजारात संत्र्याच्या भावावरून मी व्यापाऱ्याशी सकाळपासून दुपारपर्यंत भांडलो आहे. पण आजचं बोलणं वेगळं आहे. थोडं थांबत थांबत बोलतो. सांभाळून घ्या.

देवाजी माझा शेजारी. त्याचं दोन एकराचं वावर, माझी संत्र्याची बाग, अन् मधात एक बांध. मी त्याला अरे-तुरे करत होतो, तोही मला करत होता. आज तो गेला म्हणून अहो-जाहो करणार नाही. केलं तर त्यालाच हसू येईल.

त्या बांधावरून आम्ही भांडलो पण आहो. पाणी कुठून काढायचं, बाभूळ कोणाची, सगळं झालं. अन् भांडण झालं की त्याच बांधावर बसून चहा. पार्वतावहिनी त्याच्या दारातूनच ओरडायच्या, "झालं का तुमचं? का आनखी कप आनू?"

आता त्या बांधावर मी एकटा बसतो. चहा नाही जात.

मंडळी, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. आज नाही सांगायचं तर कधी सांगायचं? आपल्या टोलीच्या, या लहान वस्तीच्या डोक्यावर ही जी टेकडी आहे, तिथं सुरुंगानं दगड फोडून गिट्टी काढायच्या खदानीचा परवाना एका ठेकेदाराला मिळाला. पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. हिंदीत होता, इकडचे सरकारी कागद असतात तसा. देवाजीनं तो एका पोराकडून वाचून घेतला. मग म्हणाला, पुन्हा वाच. मग अजून एकदा वाच.

त्यात एक ओळ होती. टेकडीच्या आसपास आबादी नाही.

आबादी नाही! म्हणजे इथं कोणी राहत नाही. सीताबाईचं घर नाही. हा विहार नाही. ज्या अंगणात तुम्ही आता बसले आहात, ते अंगण नाही. नकाशा जुना होता म्हणतात. आपल्या बापजाद्यांनी मजुरीला येऊन इथं घरं बांधली, त्याच्याही आधीचा. त्यात ही सगळी चराईची जमीन. कोणी वर येऊन पाहिलं नाही. नकाशा पाहिला अन् लिहून टाकलं.

मला राग आला तो माझ्या बागेसाठी. खरं सांगतो. गिट्टीची धूळ बहारावर बसली तर फळ कुठून धरणार? देवाजीचा राग वेगळा होता. तो मला म्हणाला, "बाबाराव, गिट्टीचं मंग पाहू. पयले मले हे सांग, आमी कोन आहो?"



सुरुंग लागले असते तर दगड आपल्या छपरांच्या कवेलूंवर पडले असते. अन् घर मोडलं म्हणून आपण कुठं दाद मागायला गेलो असतो, तर विचारलं असतं, तिथं घर होतंच कुठं? हे देवाजीला त्याच दिवशी समजलं. आपल्याला समजायला वेळ लागला.

कारण आपल्यातही दोन तट पडले होते. आता तोंड लपवू नका, मी कोणाचं नाव घेऊन नाही राहिलो. तरण्या पोरांचं म्हणणं होतं, खदान आली तर मजुरी मिळेल. कापूस वेचून वर्ष निघत नाही. त्यांचं काही खोटं नव्हतं. याच अंगणात ते देवाजीच्या अंगावर धावून आले होते. तो काही ओरडला नाही. खाली बसला अन् म्हणाला, "काम तुमाले पायजे, मलेबी पायजे. पन ते लिहून देऊन राहिले का इथं कोनी राहतच नाई. जो राहतच नाई, त्याले काम कोन देईन रे बापा?"

पोरं त्याच्यासमोर खाली बसली. असं सरळ बोलणारा माणूस होता तो.

सौसरच्या कोर्टात त्यानं दावा टाकला. परवाना रद्द करा, इथं माणसं राहतात. एवढंच म्हणणं. प्रत्येक तारखेला मी त्याच्यासोबत गेलो. त्याला एकट्याला जाऊ देणं मला जमत नव्हतं, अन् बसमध्ये भांडायला कोणी तरी पाहिजेच. तो पांढरा सदरा घालायचा. भाकर, ठेचा अन् कांदा फडक्यात बांधून आणायचा. हॉटेलात बसू द्यायचा नाही. कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली आम्ही दिवस काढायचो अन् संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचो.

एकदा काय झालं, तो ठेकेदार त्याच निंबाखाली आमच्या बाजूला येऊन बसला. उन्हाचे दिवस. घामाघूम झाला होता बिचारा. देवाजीनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. म्हणाला, "खा भाऊ. खदान झाल्यावर असं भेटनार नाई." संत्रं माझ्या बागेतलं, अन् दानशूर हा! ठेकेदार हसला. खाल्लंही त्यानं. देवाजीचं वैर माणसाशी नव्हतंच कधी. त्या एका ओळीशी होतं.

शेवटी कोर्टानं सांगितलं, कोर्टाकडून एक वकीलसाहेब मौक्यावर, इथं टेकडीवर येऊन पाहतील. आबादी आहे का नाही ते लिहून देतील. त्या दिवशी देवाजी बसमधून उतरला तो असा चालत, की मला मागून पळावं लागलं.

अन् मग त्याचं सुरू झालं. "बाबाराव, सायेब टेकडीवर उभा राहीन. तिथून खाली पाहीन. त्याले धूर दिसला पायजे. घराघरातून धूर. जिथं चूल पेटते तिथं मानूस राहते, हे कागदात लिहा लागत नाई."

मी त्याची थट्टा केली. म्हटलं, "काहून रे, सायबाले सयपाक दाखवतं का?" म्हणाला, "हो, सयपाकच दाखवतो."

त्यानं त्याच्या वावरातली कापसाची पऱ्हाटी तोडली, वाळवली, तिच्या मोळ्या बांधल्या. घराघरासमोर एक एक मोळी नेऊन ठेवली. सीताबाईला ऐकू येत नाही, तिला हाताच्या खुणा करून समजावलं. सगळ्यांना एकच सांगणं, साहेबाची जीप दिसली की चूल पेटवायची. भाजी असो नसो. धूर दिसला पाहिजे.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, देवाजी गेला. छातीत दुखतं म्हणाला, खाटेवर टेकला. वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

थांबा. जरा पाणी द्या मला.

त्याचा पोरगा भोपाळहून यायचा होता म्हणून माती दुसऱ्या दिवशी ठेवली. तुम्हाला आठवतं ना तो दिवस? देवाजी अंगणात झोपलेला. टोलीतल्या एकाही घरात चूल पेटली नव्हती. मेलेलं माणूस दारात असताना कोण चूल पेटवतं? अन् तेवढ्यात टेकडीवर जीप दिसली.

मी वर पाहिलं, खाली पाहिलं. एका कवेलूतून धूर नाही. सगळ्या मोळ्या दारासमोर जशाच्या तशा. मनात आलं, देवाजी, झालं रे बापा. तू गेला अन् तुझा दावाही गेला.

वकीलसाहेब टेकडी उतरून आले. सोबत ठेकेदाराचा मुनीम. गर्दी पाहून साहेबांनी जोडे काढले. हळूच विचारलं, कोण गेलं?

तेव्हा पार्वतावहिनी उठल्या. डोक्यावरचा पदर सावरला अन् म्हणाल्या, "सायेब, ज्याच्या अर्जावर तुमी आले, तोच हा. तुमच्या कागदात इथं कोनी राहत नाई म्हनते. मंग हा कोन मेला?"

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ वकील ऐकले. असा सवाल कोणी केला नाही.

साहेबांनी कागद काढला, घराघरासमोर गेले, प्रत्येकाचं नाव विचारलं अन् लिहून घेतलं. सीताबाईचंही. परवा कोर्टानं हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत टेकडीला कोणी हात लावायचा नाही. दावा अजून चालू आहे. देवाजीच्या जागी आता पार्वतावहिनींचं नाव लागेल. तारखेला त्यांच्यासोबत मी जाणार आहे. पांढरा सदरा मी पण शिवून घेतला आहे.

पण मला राग आहे. हो, आहे. एक माणूस इथं राहतो, हे दाखवायला त्याला मरावं लागतं का? जिवंत होता तेव्हा त्याला कोणी पाहिलं नाही. वहिनी, हे दुःख मला तुमच्यासमोर लपवता येत नाही. तो हुकूम ऐकायला तो पाहिजे होता. निंबाखाली बसून अर्धं संत्रं मला द्यायला पाहिजे होता.

त्या मोळ्या अजून आपल्या दारासमोर आहेत. मी पाहतो ना येता-जाता. सगळे आपलं दुसरंच जळण जाळून राहिले. देवाजीच्या मोळीला कोणाचा हात लागून नाही राहिला. अन् वहिनींची चूल तर त्या दिवसापासून थंडच आहे. आपण पाळीपाळीनं डबा नेऊन देतो, त्या दोन घास खातात.

आता उभे राहू या. देवाजीसाठी दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

अन् मग घरी जा. मोळी सोडा. वहिनी, पहिली चूल तुमची. मग सीताबाईची, मग सगळ्यांची. आज टेकडीवर कोणी साहेब नाही, जीप नाही. तरी पेटवा.

देवाजी, पाहा रे. आम्ही इथंच राहतो.