शिशाचा ठिपका

मी: वाफेकाका, एक विचारू? मैत्रिणींनी पैज लावलीये. विचारलं नाही तर आठवडाभर त्यांची दप्तरं मी उचलायची. हे जुनं वाफेचं इंजिन फुटलं, तर आपण किती लांब उडू?

वाफेकाका: आधी ते फडकं खाली ठेव. उभा जन्म इंजिनात कोळसा टाकण्यात गेला माझा, पण असला अभद्र प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मी: म्हणून तर पैज! शेडमधले सगळे जेवायला गेलेत. सांगा ना पटकन.

वाफेकाका: तू एका गल्लीत आणि तुझं दप्तर दुसऱ्या गल्लीत. झालं समाधान?

मी: बाप रे! आणि रविवारी हे पहिल्यांदा पेटवणार, तेव्हा कोळसा टाकायला मीच उभी!

वाफेकाका: लगेच तोंड पाडू नकोस. तशी वेळ येत नाही. भट्टीच्या छतावर बॉयलरचं पाणी असतं. ते फार उतरलं, तर छत तापून लाल होतं आणि मग खेळ खलास. पण छतातच बुचासारखा एक प्लग बसवलेला असतो. पितळेचा, पोटात शिसं भरलेला. पाणी उतरलं की शिसं आधी वितळतं, भोकातून वाफ आगीवर सुटते. इंजिन स्वतःच बोंब मारतं म्हण ना.

मी: अय्या, तो छतातला? मागच्या खेपेला भट्टीत शिरून मीच तर पुसला! काय चकाकतो काका! माझे दात दिसले त्यात.

वाफेकाका: कडा चकाकत असतील. मधला भाग राखाडीच राहतो.

मी: नाही हो. अख्खा पिवळाधमक.

वाफेकाका: नीट आठव.

मी: नीटच आठवतंय! अर्धा तास घासलाय मी तो.

वाफेकाका: बॅटरी घे. आत जा.

मी: आत्ता? शाळेच्या गणवेशात? आई मला...

वाफेकाका: जा म्हणतो ना! माझे खांदे भट्टीच्या त्या दारातून गेले असते, तर तुला कशाला सांगितलं असतं?

मी: जाते, जाते, ओरडता काय! ...शिरले. ऐकू येतंय? हा बघा, सापडला. पिवळा. मधोमधही पिवळाच. नखानं खरवडलं काका, तरी पिवळाच.

वाफेकाका: बाहेर ये.

मी: आले. अहो, झालं काय?

वाफेकाका: भरीव आहे तो. भरीव पितळ! ते काय वितळणार, कपाळ! मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो, तेव्हा तुम्ही लोकांनी बॉयलरचे सगळे प्लग नवे बसवलेत. बॉयलरमध्ये पाणी दाबून घेतलेली चाचणी पास झाली म्हणून टाळ्या वाजवल्यात. आल्यावर मीही वाजवल्या. तेव्हाच कुणाला तरी आत पाठवायला हवं होतं.

मी: जुना कसा दिसत असेल?

वाफेकाका: मुठीत मावेल एवढा. चौकोनी डोकं, आणि मधोमध शर्टाच्या बटणाएवढा राखाडी ठिपका.

मी: ...काका.

वाफेकाका: काय गं?

मी: तो माझ्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. पंखा लावला की कागद उडतात, म्हणून बाबांनी आणून दिला होता. मला वाटायचं, असेल कुठला तरी जुना बोल्ट.

वाफेकाका: तुझ्या बाबांनी?

मी: लेथवर सगळे प्लग त्यांनीच केलेत.

वाफेकाका: ...हे मी सांगतो सगळ्यांना. तू मध्ये पडू नकोस. बाप आहे तुझा.

मी: म्हणूनच मी सांगणार.

(घरी, जेवणाच्या टेबलावर. ताटांच्या मधोमध तो जुना प्लग.)

आई: हे भंगार जेवणात कशाला?

मी: बाबा, हा कुठून काढला होता?

बाबा: भट्टीच्या छतातून. सारखा पाझरायचा मेला. बघ ना, कुणीतरी कंजूषपणा करून भोकात शिसं कोंबलंय! म्हटलं, आपल्या इंजिनाला असली ठिगळं नकोत. सरळ भरीव केला. चाचणीत एक थेंब गळला नाही!

मी: ते ठिगळ नव्हतं, बाबा.

बाबा: म्हणजे?

मी: ते मुद्दाम भरलेलं असतं. बॉयलरमधलं पाणी उतरलं की शिशानं वितळायचं आणि वाफ आगीवर सोडायची. वाफेकाकांनी सांगितलं. तुमचा प्लग वितळणारच नाही.

बाबा: काहीतरीच! पाणी दाखवायला काच आहे की समोर.

मी: आणि काचेची नळी तुंबली तर?

आई: बोला की. तुंबली तर?

बाबा: तर... कळणारच नाही. पाणी दिसत राहील आणि छत... अरे देवा.

आई: रविवारी त्या भट्टीच्या तोंडाशी कोण उभं राहणार होतं?

बाबा: नको गं.

आई: हौसेनं निळा डगला शिवलाय मी. कुणासाठी शिवलाय? सांगा ना!

बाबा: हिच्यासाठी.

आई: मला पाणी द्या कुणीतरी.

बाबा: मला वाटलं, मी सुधारतोय. इतकी वर्षं सगळ्यांनी फुकट राबून ते गंजकं धूड उभं केलं, आणि मी... सगळ्यांनी पाठ थोपटली माझी. आता कुठल्या तोंडानं शेडमध्ये जाऊ? लेथची किल्ली घे आणि वाफेकाकांना देऊन टाक.

मी: झालं तुमचं? आता माझं ऐका. मी ठरवलंय. रविवारची आग रद्द. सगळ्यांना फोन मी करणार, खरं कारण सांगून. बॉयलरचा तपासनीस हो म्हणेपर्यंत कुणी काडी ओढायची नाही. आणि तो प्लग काढायला आत मीच जाणार, कारण त्या दारातून फक्त माझेच खांदे जातात.

आई: आणि नवा? तो तरी चांगल्या कारखान्यातून मागवा बाई.

मी: नाही. नवा बाबाच करणार. दुसऱ्या कुणाच्या हातचा मी बसवणार नाही.