यादीतली पहिली जागा

—न्हाई न्हाई, जमादारसाहेब, ते खोडा आधी! बद्रीनाथला एक नंबरला लिहिलं? अहो कोणी ऐकलं तर हसंल का न्हाई? वाटूरच्या सरकारी दारूच्या दुकानाचा गुत्तेदार मी, ह्या भुजंगाकडं बारा वर्सांपासून गुत्ता — आन् माझ्याच ओट्यावर बसून आबकारीचा जमादार बद्रीनाथच्या दारूला पैला नंबर देतो! हाव, मान्य, ही यादी धाड घालायची हाय, बक्षिसाची न्हाई. पर अर्जी कोणी केल्ती? मीच ना? गावोगावी चोरट्या भट्ट्या लागल्या, गिऱ्हाईक तिकडं, आन् मी इथं माशा मारून राह्यलो. असंच चाललं तर येत्या हर्राजात बोली लावाया पैसा कुठला, गुत्ता गेला माझ्या हातातून — म्हणून तर तुम्हाला परतूरहून बोलावलं. मंग नावं मी सांगतो तशी बराबर लिहा. घ्या, आधी घोटभर घ्या, उन्हातून आल्ते तुम्ही. कशी हाय? सरकारीच हाय ती. शिक्क्याच्या पिंपातली. बिलकुल.

बद्रीनाथला खाली टाका, चार नंबरला. गूळ लई ओततो तो. पैल्या घोटाला गोड लागती, आन् मंग सकाळपर्यंत डोस्क्यात घण चालतेत. त्याच्या वर कचरू. कचरूचा माल वाईट न्हाई — मोहफुलं चांगली आणतो, पाणी दुधना नदीचं, तेबी मधल्या धारेचं भरून आणतो — पर माणसाला दम न्हाई, साहेब! जाळ मोठा करतो. लेकाला सदा घाई. मंग धुरकट वास येणार न्हाई तर काय? मी त्याला धा बार सांगितलं, कचरू, जाळ बारीक कर, बारीक— म्हणजे, सांगितलं म्हणजे, दम दिला. भट्टी बंद कर म्हणून दम दिला. मला कसं ठाऊक? अहो गुत्तेदारानं चाखायची न्हाई तर कोणी चाखायची? तपासच हाय तो. दर मंगळवारी तपासाला जातो मी. मंगळवारी कचरू, शुक्रवारी सोनूबाई.

सोनूबाईला दोन नंबरला लिहा. जांबच्या वाटेवर घर हाय तिचं. लोकं घरी सांगून निघतेत, जांबला देवदर्शनाला चाललो, आन् सोनूबाईच्या ओट्यावरून माघारी येतेत. बाई हातानं गुणी, साहेब, खोटं कशाला बोलू! तिच्या दारूचा थेंब निखाऱ्यावर शिंपडा — निळा जाळ, धूर न्हाई. तळहातावर चोळा, चोळून वास घ्या — मोहाचं फूल आत्ता झाडाखालून उचलल्यावानी. तिच्यावर धाड घालताना मडकं तेवढं जपून फोडा. न्हाई, फोडाच, फोडा... पर आधी रिकामं करून घ्या. वाया कशाला?

आन् एक नंबरला? कोणी न्हाई. ती जागा कोरी ठेवा. यादी दोनापासून सुरू करा ना, काय बिघडलं? तुमचे दरोगासाहेब विचारतील म्हणता, एक नंबर कुठं हाय? त्यांना म्हणा— आं? मंग सोनूबाईला वर घेतो म्हणता? थांबा, थांबा! लेखणी ठेवा खाली! सोनूबाई एक नंबर? ह्या तालुक्यात? अहो सोनूबाई शिकली कोणाजवळ, ते इचारा तिला! चार पावसाळे माझ्या परसात मोहफुलं निवडीत बसायची ती. एकेक फूल हातात घ्यायचं, आतलं कुसळ काढायचं, मंग भिजू घालायचं — हे तिला कोणी शिकवलं? धार पडाया लागली की उठायचं न्हाई, कोणाशी एक शब्द बोलायचं न्हाई, नवऱ्यानं भाकर मागितली तरी न्हाई! मी उपाशी बसलेलो हाय, साहेब, दोन-दोन पहर! शेजारची मडकी फुटून धार वाहून चालली तरी मान वर करायची न्हाई ती शिकवणारी बाई. आन् तुम्ही काय पिऊन राह्यले मघापासून? तिसरा पेला हाय तुमचा! सरकारी पिंपातली अशी लागती का कधी? सरकारी प्यायली असती तर आतापावतो तोंड वाकडं झालं असतं तुमचं! तुमच्या दरोगासाहेबांकडं सणाला बाटली जाती ती कोणाच्या हातची? दुकानात न्हाई ठेवत, घरापुरती काढती, पर हात असा, की तिच्या तोंडावर कधी म्हणलो न्हाई मी. इतक्या वर्सांत एकदा न्हाई. डोक्यावर बसंल म्हणून. लिहा! एक नंबर — द्वारकाबाई, नवऱ्याचं नाव भुजंग, राहणार वाटूर. चांगल्या अक्षरात लिहा!

...लिहिलं?

साहेब. तेवढं... खोडता येतं का? गुत्तेदाराच्याच घरात भट्टी म्हणल्यावर हर्राजाला उभं तरी करतील का मला? जिभेला हाड न्हाई माझ्या. जल्दी खोडा, शाई वाळायच्या आत. खोडून त्या जागी कोणाचंबी—

तू कवाधरनं उभी हाय गं दाराआड? काय ऐकलं? समदं? मंग काहून हसून राह्यली? डोळे काहून पुसून राह्यली? जा, आत जा. साहेबांना आणखी एक पेला आण. नको म्हणता, साहेब? उठले तुम्ही? बरं.

साहेब, असं करा. खोडा म्हणलो तर खोडा. राहू दिलं तर राहू द्या, तुमची मर्जी. पर सोनूबाईला वर सरकवू नका.