काळी फीत सोडण्याआधी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, मला वर्गाबाहेर उभं करून करून जे स्वतःच दमले ते आमचे मुख्याध्यापक, आणि समोर बसलेली वडीलधारी मंडळी नि मित्रहो, सगळ्यांना नमस्कार.

सैन्यात कामी आलेल्या माझ्या थोरल्या भावाचं नाव आज तुम्ही शाळेच्या या सभागृहाला दिलंत. घरातर्फे आभार मानायला मला उभं केलंय. बोलणारा खरं तर तोच. मी सातवीत मागच्या भिंतीवरून उडी मारली, ती थेट इमारतींना परांच्या बांधायच्या कामावर. आज या शहरात, उद्या त्या. दादा मला भिंगरीच म्हणायचा.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी परांचीवर होतो. ऐकलं, फोन खिशात टाकला, अर्धवट राहिलेला नट आवळला आणि मग उतरलो. अजून तसाच आहे मी. लोक पाठीवर हात ठेवतात. हात कळतो, पुढे काही पोचत नाही. असो.

पाहुणे मघाशी व्यासपीठावरच्या या वर्दीतल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "काय निर्भय डोळे आहेत पाहा!" साहेब, आपण फार सुंदर बोललात. फक्त, ते डोळे माझे आहेत.

हसू नका, किंवा हसा. दादा असता तर तोच पहिला हसला असता.

झालं असं, की आमच्या घरात कॅमेरा कायम दादाच्या हातात. लग्न असो, बारसं असो, सगळे फोटोत आणि हा फोटोच्या बाहेर. शेवटच्या सुट्टीत त्याने स्वतः वर्दीला इस्त्री केली आणि माझ्या अंगावर चढवली. म्हणाला, "हनुवटी वर घे, भिंगरी. अरे, श्वास तरी सोड! आम्हीपण माणसंच असतो तिथे." आणि काढला फोटो. शाळेने वर्दीतला फोटो मागितला, काकांना कपाटात तेवढा एकच सापडला. काकांचा तरी काय दोष? दोघांची नाकं एकाच साच्यातली, वरून डोक्यावर टोपी.

मी आज सकाळीच पोचलो. आईला फोटो दिसला तो या सभागृहात शिरल्यावरच, कोपऱ्यावर काळी फीत लावलेला. तिने माझं मनगट धरलं. "ते काढायला सांग. मला आता तू एकटाच आहेस." तेव्हापासून ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलीय. तुम्हाला वाटलं असेल, दुःखाने. दुःख आहेच, पण आत्ता ती भ्यायलीय.

दादाचा एक फोटो आहे. त्याच दिवशी मी काढलेला, जरा वाकडाच आलाय. अंगात बनियन, हातात इस्त्री, तोंडाने मला शिव्या. काका तो आणायला घरी गेलेत. त्यात वर्दी नाही, पण तो आहे. तोच लावावा, एवढी अध्यक्षांना विनंती. आणि या फोटोतले डोळे निर्भय दिसत असतील, तर त्याचं कारण सांगतो: समोर तो उभा होता.

आपण सगळे आलात, त्याची आठवण ठेवलीत, आम्ही आभारी आहोत. शिकलेला नाही, बोलण्यात मागेपुढे झालं असेल तर पदरात घ्या. कार्यक्रमाच्या मध्येच फोटोपाशी चालत जातोय, त्याचीही माफी असावी. फितीची गाठ साधीच आहे, मला सुटेल.

हं. सुटली.

आई, आता वर बघ.