व्यूबेल्स साहेबांच्या नावाचा बाक

सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा टापेबाई, व्यासपीठावरचे पाद्रीबुवा, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे निवृत्त होणारे आपले दफनभूमी-अधिकारी व्यूबेल्स साहेब, त्यांच्या सौभाग्यवती, आणि केक कधी कापतात याची वाट पाहणाऱ्या सभ्य स्त्री-पुरुषहो,

वेस्टरलोहच्या पोलिश मंडळींतर्फे मी, ब्रोनिस्लावाने, दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. मी काय बोलणार याची आग्रह करणाऱ्यांना कल्पना नसावी.

साहेबांना स्वच्छतेची भारी आवड. युद्धात जर्मनांनी इथल्या शेतांवर राबवून मारलेल्या आमच्या माणसांच्या कबरी कायद्याने कायमच्या आहेत, त्यांना काही साहेबांना हात लावता आला नाही. किती हळहळले असतील बिचारे. पण युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावणीत जी पोरं घटसर्पाने गेली, ती कायद्याच्या हिशोबाने जरा उशिराच मेली. माझा धाकटा भाऊ यानुश त्यांतलाच. अशा साध्या कबरी इथे ठरावीक वर्षांपुरत्याच, मुदत संपली की साहेब जागा मोकळी करतात.

दगडही नव्हता ना, असं साहेब म्हणतील. खरं आहे, तो आमच्या लोकांचा वेडेपणा. छावणीत जो तो बोचकं बांधून बसलेला. वडील दगड बघायला निघाले, तर आई म्हणाली, "दगड कशाला? वसंतात घरी जायचंय. पोराला काय इथं टाकून जाणार आहोत? नेऊ की बरोबर." सगळ्यांनीच नुसते लाकडी क्रूस लावले. मग सीमा सरकली, घर पलीकडे परक्या देशात गेलं. क्रूस कुजले आणि आम्ही इथलेच होऊन बसलो.

तरी दर एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, आम्ही तिथे आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब त्या बादलीत भरून नेतात. एकदा मी त्यांना गाठलं.

"बाई, तिथं कोणी नाही," साहेब म्हणाले.

"मग आम्ही कोणासाठी येतो?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मेणाने गवत खराब होतं."

कोणी नाही कसं? कोणाला बाहेर काढलंच कुठे होतं? वरून फक्त गुलाब लावले. त्या गुलाबांना जिल्ह्याचं बक्षीसही मिळालं. खत कसलं, हे परीक्षकांनी विचारलं नाही. मला या माणसाचा राग येत नाही, मंडळी. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं.

मघाशी टापेबाईंनी जाहीर केलं की त्याच गुलाबांपाशी साहेबांच्या नावाचा बाक बसवणार. मीही टाळ्या वाजवल्या. यानुशचं नाव जिथे उरलं नाही, तिथे निदान कुणाचं तरी लागतंय.

मला बोलू दिलंत, उपकार झाले. म्हातारीची जीभ कुठे घसरली असेल तर सांभाळून घ्या. आणि साहेब, एक विनंती. आता बादली तुमच्या हातात नाही. एक नोव्हेंबरला आम्ही मेणबत्त्या घेऊन येऊ, तेव्हा तुम्ही बाकावर बसलेले असाल, तर पाय जरा वर घ्या. आमचा यानुश तिथेच खाली आहे.